ती जमीन बसायची नाही

खाणीचं विश्रांतिगृह
४ जानेवारी

काकू,

वाकून नमस्कार केला असं समज. खरोखर वाकले तर इथल्या फरशीची काजळी कपाळाला लागेल, आणि मग तू म्हणशील, पोरगी नोकरीला लागली तरी तोंड धुवायला शिकली नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की शेजारच्या खोलीतून साहेब डोकावतात, म्हणून पत्र. कुठून लिहितेय ते कळलंच असेल. आपल्या खाणीवरून! बंद पडलेल्या खाणीची जमीन गावाला परत द्यायचीय, आणि ती मोजायचं काम माझ्याकडे आलंय. कुठली जमीन खालून पोकळ आणि कुठली भरीव, हे मी सांगायचं. पोकळ तिथे नकाशावर लाल रंग, भरीव तिथे हिरवा. काकांच्या खुर्चीत बसून काकांचंच काम करतेय म्हण ना. खुर्ची खरंच तीच आहे, तिचा डावा हात अजून हलतो.

काल सकाळी कामाला लागायच्या आधी स्टेशनवर गेले. रूळ केव्हाच उचलून नेलेत. तिकिटाच्या खिडकीतून झुडूप बाहेर आलंय. पण वेटिंग रूममधला लोखंडी खांब आणि त्याच्याभोवतीचा गोल बाक जसाच्या तसा आहे, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडासुद्धा. शेडखाली एक चहाची टपरी आहे. तिच्यामागे कोण असेल? आपला हत्ती मुकादम! काकांच्या हाताखालच्या टोळीचा मुकादम, दारातून आडवा होऊन आत यायचा तो. आता अगदी काडी झालाय गं. मी कोण ते सांगितलं तेव्हा त्याने चहाचं पातेलं खाली ठेवलं आणि प्लॅटफॉर्मवर उजवा पाय दाणकन आपटला. आठवतंय? पाळी सुटली की काका आणि ती सगळी टोळी प्लॅटफॉर्मवर आली की एकदा पाय आपटायची. बुटातली कोळशाची भुकटी झाडायला. मीही आपटला. हत्ती इतका हसला की त्याला ठसका लागला.

काकांचा नकाशा ऑफिसात आहे. इथली पोरं हात धुऊन मगच त्याला हात लावतात. साहेब काल सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या माणसाची एकही रेघ चुकलेली मला सापडली नाही." मी दिवसभर हवेत चालत होते.

आता वाईट बातमी. त्याच नकाशाप्रमाणे स्टेशनच्या खालचा कोळसा सगळा काढलेला आहे. म्हणजे खाली निव्वळ पोकळी. म्हणजे लाल. म्हणजे स्टेशन पाडायचं. एवढी वर्षं ते उभं कसं राहिलं ह्याचंच साहेबांना नवल वाटतं. मी खूप घासाघीस केली, तेव्हा एवढं मिळालं की पाडण्याआधी स्टेशनचा इतिहास लिहून फोटोंसकट अहवालाला जोडायचा. तो इतिहास तुझ्याइतका कोणाला ठाऊक असणार? मला लिहून पाठव. रागावू नकोस.

तुझी,
खडू

*

१३ जानेवारी

खडूबाई,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कान उपटते. पाडायचं ठरवून मग इतिहास विचारतात का? माणसाला पोचवून आल्यावर त्याच्या आवडीनिवडी विचारण्यातला प्रकार झाला हा.

तरी विचारलंस म्हणून लिहिते. जावई म्हणतात, सासूबाईंना विषय मिळाला, आता चार दिवस घरात शांतता.

मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे स्टेशन नव्हतंच. मालगाडीच्या वाघिणी कोळशाने भरायची जागा होती, आणि दिवसातून एकदा पॅसेंजर गाडी तिथे थांबायची, थांबली तर. प्लॅटफॉर्म नाही. बायका खालच्या खडीवरून डब्यात चढायच्या. एकीने वर ओढायचं, दुसरीने मागून ढकलायचं. माझी वरात अशीच उतरली. ह्यांनी आधी ट्रंक उतरवली, मग मला. मी ते पुढे जन्मभर ऐकवलं.

प्लॅटफॉर्म बांधला तो आपल्याच लोकांनी. खाणीतून निघालेले दगड सुट्टीच्या दिवशी डोक्यावर वाहून आणले. स्टेशनमास्तरांनी रेल्वेकडून सिमेंट आणवलं आणि स्वतः टोपी काढून घमेली उचलली. मास्तरांना टोपीशिवाय आम्ही तेव्हा एकदाच पाहिलं, त्यांना टक्कल आहे हे सगळ्या वस्तीला त्या दिवशी कळलं. गोल बाक बायकांच्या सांगण्यावरून झाला. सरळ बाकावर चार जणी बसल्या की टोकाच्या दोघींना एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही, अशी तक्रार होती.

आणि मग शाळा. वस्तीत शाळा नव्हती, ती तीन स्टेशनं पलीकडे शहरात. सकाळच्या गाडीने मुलं जायला लागली. आधी दोनचार मुलगे, मग मास्तरांची मुलगी, मग तिच्या बरोबरीने सगळ्याजणी. तुला आठवत असेल, युनिफॉर्म पांढरा. खाणीवर पांढरा! शाळेतल्या कोणाच्या डोक्यातून निघालं होतं देव जाणे. वस्तीतून स्टेशनपर्यंत येईतो त्याचा करडा व्हायचा. म्हणून आम्ही पोरींना जुन्या लुगड्यात गुंडाळून आणायचो, आणि गाडी दिसली की वेटिंग रूममध्ये उलगडायचो. तुझी आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस, तेव्हा तुलाही मी तशीच न्यायची. तुझ्या खिशातला खडू फुटून लुगडं आतून पांढरं व्हायचं, तेव्हापासून तुला हे नाव पडलं. त्या बाकावरून मी तुला दहावीपर्यंत गाडीत बसवलंय. त्या स्टेशनवरून गेलेल्या पोरींत आज एक नर्स आहे, दोघी शिक्षिका आहेत आणि एक दीडशहाणी मोजणीदार आहे, जी तेच स्टेशन पाडायला निघालीय.

पाडू नका. ती जमीन बसायची नाही. मी सांगते ना, बसायची नाही. का, कशावरून, हे मला विचारू नकोस, मी काही तुझ्यासारखी शिकलेली नाही. एवढी वर्षं उभं राहिलं ह्याचं तुझ्या साहेबांना नवल वाटत असेल तर त्यांना म्हणावं, नवल वाटलं की माणसाने आधी खाली बघावं.

हत्तीला माझा निरोप दे. खात जा म्हणावं.

काकू

*

२७ जानेवारी

काकू,

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. दीडशहाणी मोजणीदार सोडून. टकलाच्या ठिकाणी ते मोठ्याने हसले आणि मग त्यांनी आपल्या डोक्यावरून हात फिरवला. लुगड्याचं वाचताना मी अडखळले, तर त्यांनी मला पाणी आणून दिलं. वाईट माणूस नाही तो.

ते म्हणाले, "काकूंचं मन मोडायला नको. एक भोक पाडून बघू." तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला, पाण्याच्या नळापाशी, मशीन लावून खाली भोक पाडलं. पण मशीन जुनं, त्याचं काही खरं नाही. म्हणजे नीटसं काही कळलं नाही. अजून बघायला हवं. तू त्याची फार आशा धरू नकोस, आणि काळजीही करू नकोस. इथे थंडी छान पडलीय. तू पाठवलेला स्वेटर घालते, बाह्या जरा लांब आहेत.

काका घरी नकाशावर काम करायचे का गं? की सगळं ऑफिसातच? त्यांचे डोळे शेवटी शेवटी अधू झाले होते का? सहज विचारतेय.

दुसरी एक गंमत सांगते. वस्तीसाठी शाळा मंजूर झालीय! आता कोणाला लुगड्यात गुंडाळून न्यायला नको. जागाही छान मिळालीय. वस्तीमागचा तो मोठा माळ, जिथे काका मला रविवारी फिरायला न्यायचे. काठीने जमीन ठोकत चालायचे, आणि मी त्यांच्यामागे दगडांवर खडूने आकडे लिहीत. मोजणी मी तिथेच शिकले. काकांच्या नकाशात माळाखाली एकसंध, न उकरलेली जमीन आहे. सगळा हिरवा. महिन्याभरात पाया खणायला घेतील.

फक्त एक कटकट आहे. मी माळावर दिवसा खुंट्या ठोकते आणि सकाळी त्या उपटून ढीग करून ठेवलेल्या असतात. बहुतेक शेळ्या. हत्तीला विचारलं तर म्हणाला, "तिकडे नाग आहे, जाऊ नये." मी म्हटलं, नाग खुंट्या उपटून त्यांचा ढीग करतो का? तर कानावर हात ठेवून कपबशा विसळायला गेला.

खडू

*

३ फेब्रुवारी

खडू,

जावयांनी फोन केला तो पोचलाच असेल. माळावर एक कुदळ पडू द्यायची नाही. मी त्यांना कारण सांगितलं नाही, कारण हे पहिल्यांदा तुलाच सांगायचं आहे. पत्र कुरियरने पाठवतेय. बसून वाच.

भोकातून काय निघालं ते मला ठाऊक आहे. कोळसा निघाला. अखंड, चकाकता, हातही न लागलेला. आणि तुला वाटलं, काका चुकले. डोळे अधू होते का म्हणून विचारतेस! बाह्या लांब आहेत म्हणून लिहितेस! अगं, तुला मी वाढवलंय. तू काही लपवायला लागलीस की स्वेटरवर येतेस.

काका चुकले नाहीत. त्यांचे डोळे घारीसारखे होते. त्यांनी तो नकाशा मुद्दाम खोटा काढला.

तू आमच्याकडे आलीस त्याच वर्षीची गोष्ट. वरून हुकूम आला की स्टेशनच्या खालचे खांब काढा. खाणीत छत पेलायला कोळशाचेच जाड खांब सोडतात, ते तुला मी काय सांगू. ते काढले की वरची जमीन बसते. स्टेशन खचणार होतं, म्हणून पॅसेंजर बंद करायची आणि नवा थांबा पार टेकडीपलीकडे न्यायचा, असं खाणवाल्यांचं ठरलं. टेकडीपलीकडे रोज पायी कोणती पोर जाणार होती शाळेला? मुलगे गेले असते एखादवेळेस. पोरी घरी बसल्या असत्या. एकजात सगळ्या. तू धरून.

ते काम ह्यांच्याच भागात आलं, हत्तीच्या टोळीकडे. आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? स्टेशनखालच्या कोळशाला हात लावला नाही. पण खाणीला तर तितका कोळसा द्यायला हवा, चोरी करायची नव्हती कोणाला. मग तो त्यांनी दुसरीकडून काढला. माळाच्या खाली एक थर होता, इतका पातळ की खाणवाल्यांनीच तो नको म्हणून सोडलेला. तिथे उभं राहता येत नाही, बसताही येत नाही. आडवं पडून, कुशीवर वळून कुदळ मारायची आणि कोळशाचा टब पोटावर सरपटत ढकलायचा. हत्तीसारख्या माणसाने! एकदा तो अडकला तर चौघांनी पाय धरून ओढून काढला, आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "उद्यापासून जेवण कमी." तसा तो तिथेच बारीक व्हायला लागला.

वर्षभर त्यांनी असं दुप्पट काम केलं, आणि खाली उतरणाऱ्या एकाही साहेबाला पत्ता लागला नाही. स्टेशनखालचं काम झालं म्हणून ह्यांनी वाटेवर भिंत बांधून घेतली. खांब काढलेल्या जागी कोण मरायला डोकावतो? आणि नकाशावर स्टेशनखाली पोकळ दाखवलं, माळाखाली भरीव. रेल्वेला कळवलं गेलं की जमीन बसणार. रेल्वेवाले म्हणाले, बसेल तेव्हा गाडी बंद करू. ती काही बसली नाही आणि गाडी काही बंद झाली नाही. खाण मिटेपर्यंत धावली.

आता विचारशील, मला कसं कळलं. मोजणीदार खाणीत उभ्याने चालतो. ह्यांच्या पॅन्टचे गुडघे फाटून यायला लागले, आणि खालची कातडीही. मी विचारलं तर म्हणाले, पडलो. रोज पडतो का माणूस? मी जुन्या बुटाचं कातडं कापून गुडघ्यांवर ठिगळं लावली. दोन दिवसांनी हत्तीची बायको आली नवऱ्याची पॅन्ट घेऊन, "वहिनी, तसं ठिगळ कसं लावायचं?" मग दुसरी आली. मग तिसरी. आमच्या ओट्यावर बसून आम्ही साऱ्याजणी कातड्याची ठिगळं शिवत होतो आणि गप्पा मारत होतो लोणी कढवायच्या. एकीनेही विचारलं नाही की सगळ्यांचेच गुडघे का फाटतात. त्या दिवसाइतका अभिमान मला पुढे कधी वाटला नाही, खडू. ना माझा, ना दुसऱ्या कोणाचा.

आणि ते पाय आपटणं भुकटी झाडायला नव्हतं. खाली काय राखलंय ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून आपटायचे.

रविवारी तुला घेऊन माळावर जायचे, ते काही फिरायला नाही. कुठे चीर पडलीय का ते बघायला जायचे. लाकडाचे टेकू दिले होते, पण लाकूड किती वर्षं टिकणार? मी भांडायची. म्हणायची, उद्या तिथे कोणी घर बांधलं तर? म्हणायचे, त्या काट्याकुट्यात कोण बांधतंय. इथे त्यांचं चुकलं, ते मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. नाग सोडला तोही त्यांनीच, नुसत्या तोंडाने. त्यांच्यानंतर हत्ती राखण करतोय. खुंट्या तोच उपटतो. त्याने ह्यांना शब्द दिला होता की वहिनी बोलल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि मी आधीचं पत्र वाया घालवलं. स्टेशन पडलं तरी चालेल, पण ह्यांचं नाव राहू दे, असं माझ्या मनात होतं. आता त्या माळावर मुलं बसणार म्हटल्यावर कसलं नाव आणि कसलं काय.

त्याला सांग, वहिनी बोलली. म्हणजे तोही बोलेल.

काकू

*

१९ फेब्रुवारी

काकू,

हत्तीला तुझा निरोप सांगितला. त्याने मग टपरीवर फळी टाकली, काठी घेतली आणि मला म्हणाला, "चल." माळावर त्याने मला तो थर पायांनी चालून दाखवला, ह्या दगडापासून त्या झुडपापर्यंत, इथे वळला, इथे संपला. दुसऱ्या दिवशी त्याच रेषेवर चार ठिकाणी भोकं पाडली. चारही ठिकाणी पोकळ. एका ठिकाणी टेकूचं लाकूड वर आलं, ओलं, हाताने चुरा होणारं. शाळेचा मधला वर्ग बरोबर तिथे आला असता. 

मी तुझ्याशी खोटं बोलले ते तू ओळखलंसच. भोकातून कोळशाचा तो अखंड दांडा वर आला तेव्हा मशीनवाला आनंदाने ओरडला आणि माझ्या मनात आलं, ज्या माणसामुळे मी हे काम धरलं तोच चुकला! त्याचा एक तुकडा मी कपाटात लपवला आणि साहेबांना म्हटलं, अजून नक्की नाही. दोन रात्री नीट झोपले नाही.

आता राग येतो आणि ऊरही भरून येतो, आणि दोन्ही एकाच वेळी कसं सांभाळायचं ते कळत नाही. मोजणीदार म्हणून मला काकांचा भयंकर राग आलाय. नकाशा खोटा काढायचा नाही, हे मला त्यांनीच शिकवलं, त्याच माळावर! आणि रोज सकाळी लुगड्यातून निघून त्या गाडीत बसलेली पोर म्हणून मला त्यांच्या गुडघ्यांना हात लावावासा वाटतो. सगळ्या टोळीच्या. हत्तीला तसं म्हटलं तर म्हणाला, "आता गुडघे कुठे राहिलेत, नुसत्या वाट्या आहेत."

स्टेशनखाली भरीव आहे आणि माळाखाली पोकळ, एवढं मी साहेबांना सांगितलंय. स्टेशनखालचा कोळसा आता कोणी काढणार नाही, खाण पाण्याने भरलीय, तेवढ्यासाठी कोण उपसत बसणार. पण नकाशा उलटा का, ते मला अहवालात लिहावं लागेल. "चूक झाली" लिहिलं तर काका अडाणी ठरतात. "मुद्दाम केलं" लिहिलं तर खोटारडे. ऑफिसातली पोरं अजून हात धुऊन तो नकाशा उघडतात गं. मी काय लिहू? तू म्हणशील ते लिहीन.

खडू

*

२६ फेब्रुवारी

खडू,

खरं लिही. "मुद्दाम" असंच लिही.

"चूक" लिहिलंस तर मीच तुला घरात घेणार नाही. त्या माणसाने जन्मात एक रेघ चुकवली नाही, ती खोटी रेघसुद्धा किती नेटकी काढलीय बघ, तुझ्या साहेबांना इतकी वर्षं सापडली नाही. चूक म्हटलं की त्या वर्षभराचं काहीच उरत नाही. माणसं पोटावर सरपटली ती मग कशासाठी?

खोटारडा म्हणतील तर म्हणू देत. पण का केलं तेही लिही, लुगड्यासकट. आणि एकट्याचं नाव घालू नकोस. हत्तीला बसवून टोळीतल्या प्रत्येकाचं नाव विचार आणि खाली लिही, आणि ठिगळं शिवणाऱ्या बायकांचीही. नाहीतर लोक म्हणतील, मोजणीदारानेच सगळं केलं. ह्यांना ते आवडलं नसतं.

एक घड्याळ पाठवतेय, जपून उघड. रिटायर होताना "अचूक मोजणीबद्दल" असं कोरून ह्यांना मिळालेलं. मी किती वेळा म्हटलं, भिंतीला लावू या, लोकांना दिसू दे. ह्यांनी ते रजयांच्या खाली ट्रंकेत ठेवलं आणि कधी काढलं नाही. तुझ्या साहेबांना देऊन टाक. म्हणावं, ज्याचं त्याला परत.

काकू

*

१५ एप्रिल

काकू,

सगळं लिहिलं, सगळी नावं घालून. साहेबांनी अहवाल माझ्यासमोर वाचला. मग उठून भिंतीवरचा काकांचा नकाशा काढला. मला वाटलं, आता हा फाडतो. त्यांनी तो खाली पसरला, स्टेशनच्या जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इतक्या परिसरात खात्रीची जमीन असेल तर एवढीच. राखलेली." आणि माझ्या हातात हिरवी पेन्सिल दिली.

शाळा तिथेच होतेय, काकू. स्टेशन पाडत नाहीत. वेटिंग रूम पहिलीचा वर्ग, शेडखाली भिंती घालून आणखी चार. माळ मी लाल रंगवला आणि भोवती कुंपण घातलं. त्या खुंट्या मात्र कोणी उपटत नाही.

घड्याळ साहेबांनी परत घेतलं नाही. म्हणाले, "ते लिहिलंय ते बरोबरच आहे." तिकिटाच्या खिडकीवर लावलंय.

जुना नकाशा दुरुस्त केला की सहीच्या जागी आधीच्या मोजणीदाराचं नाव आधी आणि आपलं नंतर का लिहायचं, ते मला आता कळलं. मी लिहिलं, मोजणी काकांची, दुरुस्ती पुतणीची. तू ये. शाळा सुरू झाली की ये.

खडू

*

४ नोव्हेंबर

खडू,

सुखरूप पोचले. जावयांनी बसमध्ये मला खिडकी दिली आणि स्वतः वाटभर झोपले.

तिथे सगळ्यांसमोर मला बोलता आलं नाही, भाषण करा म्हणून तुझे साहेब मागे लागले तेव्हाही. तू वर्ग दाखवायला त्यांच्याबरोबर पुढे गेलीस ना, तेव्हा मी आणि हत्ती गोल बाकावर बसलो होतो. तो म्हणाला, "वहिनी, आपटायचा का?" मी म्हटलं, ह्या वयात हाड मोडेल. तो म्हणाला, मोडू दे. तर आम्ही दोघांनी एकमेकांचा हात धरून एकेकदा पाय आपटला. माझा फार आवाज झाला नाही.

तेवढ्यात रुळाची घंटा झाली आणि मधल्या सुट्टीची मुलं सुटली. काय ती झुंबड! पोरी बाकावर चढून धाडधाड खाली उड्या मारायला लागल्या. युनिफॉर्म निळा आहे, बरं केलंत. त्यांच्या बाई नवीन दिसतात, कुठून बाहेरून आलेल्या. त्या ओरडत धावत आल्या, "अगं नाचू नका, जुनी जागा आहे, खाली खाण आहे!"

मी त्यांना म्हटलं, "नाचू द्या हो बाई. ती जमीन बसायची नाही."

काकू